तास खरे, बिल खोटं: न्यूयॉर्कच्या ‘सिटीटाइम’चं प्रकरण

न्यूयॉर्क महापालिकेला एक साधी गोष्ट हवी होती. आपली माणसं कामावर कधी येतात, कधी जातात, रजा किती, ओव्हरटाइम किती, ही सगळी नोंद कागदावरून संगणकावर आणायची होती. साधी म्हणायला. कर्मचारी दीड लाखाहून जास्त, खाती साठाहून जास्त आणि कामगार संघटनांशी केलेले करार वेगवेगळे. आग बुजवणाऱ्याची पाळी वेगळी, बागेतल्या माळ्याची वेगळी, कचेरीतल्या कारकुनाची वेगळी. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या महापालिकेत आस्थापना विभागात काम केलेल्या माणसाला विचारा, तो हे ऐकूनच कपाळाला हात लावेल.

या यंत्रणेला नाव दिलं ‘सिटीटाइम’. १९९८ मध्ये खर्चाचा अंदाज होता ६ कोटी ३० लाख डॉलर. काम पुढे एसएआयसी या बड्या अमेरिकी कंपनीकडे गेलं. २०१० संपेपर्यंत एकट्या एसएआयसीला ६० कोटी डॉलरहून जास्त रक्कम दिली गेली होती. वेळेची चोरी पकडायला बांधलेल्या यंत्रणेत तासांच्या बिलांवरून पैसा वाहून गेला, हा विनोद तेव्हा अमेरिकेतल्या सगळ्या वर्तमानपत्रांनी करून झाला आहे. मला तो पुन्हा करायचा नाही. सेवा कंपन्यांची बिलं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि या प्रकरणातली एक गोष्ट मला अजून स्वस्थ बसू देत नाही. त्यातले बरेचसे तास खरे होते. माणसं येत होती, खुर्चीवर बसत होती, कोड लिहीत होती, टाइमशीट भरत होती. ती टाइमशीट एखाद्या काटेकोर हिशेबनिसापुढे ठेवली असती, तर त्यानेही बहुतेक मंजूर केली असती.

मग चोरी झाली कुठे?

आधी करार पाहू. सुरुवातीचा करार ठरावीक किमतीचा होता, म्हणजे आपल्या भाषेत ‘फिक्स्ड बिड’. इतकं काम, इतके पैसे. उशीर झाला, माणसं जास्त लागली, तर तोटा कंत्राटदाराचा. २००६ मध्ये करारात दुरुस्ती झाली आणि पैसे कामाऐवजी श्रमावर मिळू लागले: ठरलेल्या दराने, लागतील तितके तास. खर्च वाढला तर तो आता महापालिकेच्या अंगावर. कागदावर ही दुरुस्ती काही पानांचीच असेल, पण तिने जोखीम टेबलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवली.

इथे घाईने निकाल देऊ नये. ज्याने फिक्स्ड बिडचा प्रकल्प चालवला आहे त्याला माहीत असतं की मागण्या रोज बदलत असतील तर ठरावीक किंमत म्हणजे रोजची हमरीतुमरी. ग्राहक म्हणतो हे आधीच ठरलं होतं, कंत्राटदार म्हणतो हा बदल आहे, वेगळी सीआर (बदलाची लेखी मागणी) काढा. साठ खात्यांचे साठ नियम असताना महापालिकेने कधीतरी ‘जाऊ दे, तासांवर करू’ म्हणणं मला समजू शकतं. टी अँड एम, म्हणजे ‘टाइम अँड मटेरियल’, वेळ आणि साहित्यावर पैसे देणारा करार, हा काही पापाचा करार नाही. कामाची व्याप्ती आधी सांगता येत नसेल तेव्हा तोच प्रामाणिक करार असतो.

पण त्या करारात एक खोड आहे आणि ती अमेरिकी केंद्र सरकारच्या खरेदी नियमांत फार स्पष्ट लिहिलेली आहे. (न्यूयॉर्क महापालिकेला ते नियम लागू नव्हते, पण शहाणपण म्हणून वाचायला काय हरकत?) ते नियम सांगतात की वेळ आणि साहित्यावरच्या करारात खर्च आटोक्यात ठेवण्याचं किंवा काम चटचट उरकण्याचं कंत्राटदाराला कसलंही आर्थिक कारण नसतं. म्हणून असा करार दुसरा कुठलाच चालत नसेल तरच करायचा, त्याला कमाल रकमेची मर्यादा घालायची, आणि सरकारने स्वतः देखरेख ठेवायची. या तीन अटींपैकी तिसरीवर बाकी दोन्हींचा डोलारा उभा असतो. देखरेख करणारा माणूस चांगला असेल तर तासांचा करार चालतो. तोच फितूर असेल तर वेगळी चोरी करायचीही गरज उरत नाही, कारण करार आपल्या पायांनीच तिकडे चालत जातो.

न्यूयॉर्कमध्ये तो माणूस होता मार्क मेझर. हा महापालिकेचा नोकर नव्हता. दुसऱ्या एका कंपनीमार्फत आणलेला सल्लागार, पण बसायचा महापालिकेच्या बाजूला. प्रकल्पात माणसं किती लागतील, कुठलं काम मंजूर करायचं, यावर त्याचा शब्द चाले. समोर एसएआयसीचा प्रकल्पप्रमुख जेरार्ड डेनॉल्ट. या दोघांनी एकमेकांशी भांडायचं होतं. एकाने माणसं कमी करा म्हणायचं, दुसऱ्याने जास्त द्या म्हणायचं. करार या भांडणावर उभा होता. न्यायालयात सिद्ध झालं ते असं की भांडण नव्हतंच. दोघांचा फायदा एकाच बाजूला होता.

हे जुळलं कसं ते पाहण्यासारखं आहे. एसएआयसीने न्यू जर्सीतल्या टेक्नोडाइन नावाच्या कंपनीला, कुठलीही स्पर्धात्मक निविदा न मागवता, पोटकंत्राटदार नेमलं. एसएआयसीला मिळालेल्या साठ कोटींपैकी ४५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम या एका पोटकंत्राटदाराकडे गेली. सरकारी पक्षाच्या म्हणण्यानुसार ठरलं होतं असं: टेक्नोडाइनमार्फत आलेल्या प्रत्येक सल्लागाराच्या प्रत्येक तासामागे एसएआयसीतल्या माणसाला सुमारे ५ डॉलर. टेक्नोडाइनच्या खाली आणखी लहान कंपन्या होत्या, त्यांतली एक मेझरचा नातेवाईक दिमित्री अरोनश्टाइन चालवत होता. त्यांच्या वाटेने पैसा मेझरकडे येत होता.

पाच डॉलर. आकडा किती किरकोळ वाटतो! वर्षाला एका माणसाचे साधारण २,००० तास धरले तर माणशी १०,००० डॉलर. शंभर माणसं असतील तर वर्षाला १० लाख. ही रक्कम मिळवण्यासाठी खोटं बिल करावं लागत नाही, खोटा तास लिहावा लागत नाही. फक्त दोन गोष्टी करायच्या: माणसं वाढवायची आणि काम संपू द्यायचं नाही. टक्केवारीची लाच एकदाच मिळते, बिल निघालं की. ताशी लाच मिळत राहते, मीटर चालू असेपर्यंत. या प्रकरणातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात दुष्ट कल्पना हीच असं माझं मत आहे. ज्याने प्रकल्प संपवायचा त्यालाच तो न संपण्याचे पैसे मिळत होते.

थरांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण आपल्या वाचकांपैकी अनेकांनी हे आतून पाहिलं आहे. महापालिका, तिच्याखाली एसएआयसी, तिच्याखाली टेक्नोडाइन, तिच्याखाली छोटी कंपनी, आणि अगदी तळाला प्रत्यक्ष कीबोर्ड बडवणारा माणूस. प्रत्येक थर आपला ताशी कट ठेवतो. पुण्याहून किंवा हैदराबादहून एखाद्या कन्सल्टन्सीमार्फत अमेरिकेत गेलेल्या कुणालाही विचारा. क्लायंट आपल्यासाठी किती भरतो हे त्याला बहुधा ठाऊकच नसतं, आणि कळलं तर दोन रात्री झोप लागत नाही. थर असणं गुन्हा नाही. पण बिल मंजूर करणाऱ्याला फक्त वरचा दर दिसतो, तळाचा पगार दिसत नाही, आणि या दोन आकड्यांमधल्या अंधारात काय राहतं हे कुणी विचारत नाही. सिटीटाइममध्ये त्या अंधारात कोट्यवधी डॉलर राहत होते. मेझरला मिळालेली रक्कम अडीच कोटी डॉलरहून जास्त होती.

मला या ठिकाणी नेहमी रोजगार हमीचं मस्टर आठवतं. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळाच्या आसपास ही योजना उभी केली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला. त्या कामावर दोन वह्या असत. एक हजेरीपट, म्हणजे मस्टर: कोण आलं, कोण नाही. दुसरी मोजमाप पुस्तिका: किती घनमीटर माती उचलली, किती खडी फुटली. मजुरी नुसत्या हजेरीवर निघत नसे, मोजमापावर निघत असे. मस्टरवर बोगस नावं चढली, मेलेल्या माणसांनी पाझर तलाव खोदले, हे सगळं झालं आणि त्यावर आपण पोट धरून हसलोही. तरी निदान तत्त्व म्हणून दुसरी वही होती. कनिष्ठ अभियंत्याला टेप घेऊन खड्ड्यात उतरावं लागे, आणि खड्डा नसेल तर नाही म्हणायची एक संधी तरी होती.

न्यूयॉर्कमध्ये २००६ नंतर उरलं फक्त मस्टर. सॉफ्टवेअरचा खड्डा टेपने मोजता येत नाही, मान्य. पण ‘या तिमाहीत किती खाती नव्या यंत्रणेवर आली, आणि त्या प्रत्येकामागे किती तास लागले’ हे तर मोजता येतं. असा एक आकडा दर तिमाहीला महापौरांच्या टेबलावर गेला असता, तर माझ्या मते हे प्रकरण पाच वर्षं चाललं नसतं.

इशारे मिळाले नाहीत असंही नाही. डिसेंबर २००५ मध्ये, म्हणजे करार बदलण्याच्या आधीच, एसएआयसीच्या आत तक्रार आली होती की या पोटकंत्राटदाराबाबत काहीतरी गडबड आहे. कंपनीने तिचा नीट तपास केला नाही, हे पुढे कंपनीने स्वतःच मान्य केलं. बाहेर कामगार संघटना ओरडत होत्या, पण त्यांचा आक्षेप वेगळा होता: यंत्रणेचा भाग म्हणून काही ठिकाणी हाताचा पंजा ओळखणारी यंत्रं बसवली होती आणि कर्मचाऱ्यांना तो अपमान वाटत होता. रोज सकाळी पंजा टेकवून ‘मी आलोय’ सांगायचं, आणि तिकडे सल्लागारांचे ताशी दर कोण तपासतं हे कुणालाच माहीत नाही. ‘डेली न्यूज’चे स्तंभलेखक हुआन गोन्झालेझ यांनी हा विषय लावून धरला. त्यांच्या लेखनातला एक आकडा फार गाजला: सुमारे २३० सल्लागार, सरासरी वर्षाला ४ लाख डॉलर माणशी. गुणाकार करून पाहा. ९ कोटी २० लाख डॉलर होतात. १९९८ च्या संपूर्ण प्रकल्पाच्या अंदाजापेक्षा एका वर्षाचा माणसांचा खर्च मोठा. हा गुणाकार करायला लेखापरीक्षक लागत नाही. तो कुणीतरी करायला मात्र हवा होता. २०१० मध्ये शहराचे लेखानियंत्रक जॉन ल्यू यांच्या कार्यालयानेही देखरेखीवर कडक ताशेरे ओढले.

१५ डिसेंबर २०१० ला पहिल्या अटका झाल्या. जून २०११ मध्ये आरोपपत्र वाढलं, डेनॉल्ट आणि टेक्नोडाइनचे मालक असलेलं भारतीय वंशाचं दांपत्य त्यात आलं. ते दोघं तोवर भारतात निघून गेले होते आणि खटल्याला उभे राहिले नाहीत. त्यामुळे त्यांच्यावरचे आरोप हे आरोपच राहिले. सरकारी वकील प्रीत भरारा तेव्हा म्हणाले की एसएआयसीला दिलेली जवळजवळ सगळीच रक्कम प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे या घोटाळ्याने डागाळलेली आहे. मार्च २०१२ मध्ये एसएआयसीने ५० कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरली, थकलेल्या सुमारे ४ कोटींच्या बिलांवर पाणी सोडलं, आणि तीन वर्षं नीट वागण्याच्या अटीवर कंपनीवरचा खटला थांबला. नोव्हेंबर २०१३ मध्ये ज्यूरीने मेझर, डेनॉल्ट आणि अरोनश्टाइन यांना दोषी ठरवलं; एप्रिल २०१४ मध्ये तिघांनाही २० वर्षांची शिक्षा झाली.

यंत्रणेचं काय झालं? ती तयार झाली आणि चालू लागली. हे लिहिताना मला थोडं अवघडल्यासारखं होतं, कारण घोटाळ्याच्या गोष्टीत शेवटी वस्तू मोडकी निघायला हवी, तरच समाधान होतं. इथे काम झालं, उशिरा झालं, आणि दहापट किमतीला झालं.

आता थोडं आपल्याकडचं. मी जेव्हा हे प्रकरण नव्या प्रोजेक्ट मॅनेजरांना सांगतो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सर, पण आपण तर उलटंच करतो ना?’ खरं आहे. आपल्याकडे टाइमशीट फुगवण्यापेक्षा चेपण्याचा प्रकार जास्त. करारात दिवसाला आठ तासांची मर्यादा असते. पोरगा रात्री अकरापर्यंत बसतो आणि शुक्रवारी संध्याकाळी लीड ओरडतो, ‘आठच भर रे, नाहीतर क्लायंट प्रश्न विचारेल.’ मग पाच दिवसांचे आठ-आठ-आठ-आठ-आठ भरून टाइमशीट जाते. ती खोटी आहे, पण पैशांची चोरी नाही, म्हणून कुणाला टोचत नाही. मला टोचते. कारण तीन महिन्यांनी पुढच्या कामाचा अंदाज करताना आपण तेच आठ-आठ काढून बसतो आणि म्हणतो, मागच्या वेळी इतक्यात झालं होतं. झालं नव्हतं. आपणच मस्टर खोटं लिहून मोजमाप बिघडवलं.

मंजुरीचा प्रकारही तसाच. एका परदेशी ग्राहकाच्या बाजूचे मॅनेजर महिन्याच्या शेवटी आमच्या सत्तावीस माणसांची टाइमशीट एका क्लिकवर मंजूर करायचे. ‘सिलेक्ट ऑल’, ‘अप्रूव्ह’. एकदा आमच्याच चुकीने, प्रकल्प सोडून गेलेल्या मुलीचे दोन आठवडे त्यात राहून गेले आणि तेही मंजूर झाले, बिल झाले, पैसे आले. आमच्या हिशेबात ते सापडलं तेव्हा आम्ही क्रेडिट नोट पाठवली. त्यांचं उत्तर आलं, ‘धन्यवाद, आमच्या लक्षातही आलं नसतं.’ ते वाक्य वाचून मी सुखावलो नाही. त्या दिवशी मला कळलं की त्या सहीवर आमचा एवढा मोठा करार उभा आहे आणि त्या सहीमागे कुणी नाही.

त्यानंतर आम्ही जे बदललं त्यात क्रांतिकारक काही नाही. तास रोज भरायचे, आठवड्याने आठवून नाही. अमेरिकी संरक्षण खात्याचे लेखापरीक्षक कंत्राटदारांकडे हाच आग्रह धरतात, आणि न सांगता येऊन माणूस जागेवर आहे का, ज्या कामाचे तास लिहितोय तेच काम करतोय का, हे पाहतात. ते आम्हाला परवडत नाही, पण महिन्यातून एकदा कुठलीही पाच टाइमशीट काढून त्या तासांत काय झालं हे त्या माणसाला विचारणं परवडतं. बिलासोबत ग्राहकाला तासांच्या शेजारी कामाचा आकडा जातो, ग्राहकाने मागितला नसला तरी. आणि माणूस वाढवायचा असेल तर मागणी एकाची, मंजुरी दुसऱ्याची, आणि दुसऱ्याचा बोनस बिलिंगवर ठरत नाही. या शेवटच्या अटीवर आमच्या सेल्सच्या माणसाने सहा महिने अबोला धरला होता. आमचे साहेब मात्र ठाम राहिले.

सिटीटाइमच्या कागदपत्रांत एक तपशील असा आहे की तो मी कधी सांगायचा विसरत नाही. मे २०११ मध्ये, डेनॉल्टवर फौजदारी आरोप ठेवले जाण्याच्या थोडं आधी, एसएआयसीने त्याला नोकरीवरून काढलं. लाच, मनी लाँडरिंग, कट यांतलं काहीच तेव्हा कंपनीने कारण म्हणून सांगितलं नाही. कंपनीच्या तपासात निघालं होतं की त्याने स्वतःचे कामाचे तास चुकीचे नोंदवले. त्याच्या नावावर महापालिकेकडून घेतलेले सुमारे २५ लाख डॉलर कंपनीने परत करायचं कबूल केलं.